बार्लोच्या जोडीने कर्ज

"निवडणूक आधी उरकून घेऊ का?" सभाध्यक्ष होबार्ट पीझलीने विनिफ्रेडच्या कानाशी वाकून विचारलं. "पुलाचं मागून बघू. तू बोललीस की हे लोक बिथरणार, आणि मग तुझी खुर्ची गेलीच म्हणून समज."

"नको," ती म्हणाली. "मी काय बोलते ते आधी ऐकू देत, मग मतं देऊ देत."

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमचं सगळं ईस्ट हेबर गाव सभागृहात जमतं आणि गावचा कारभार तिथेच ठरतो. मी मागे सभेच्या जेवणासाठी घेवड्याचं पातेलं सांभाळत होते. काम कंटाळवाणं, पण तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. विनिफ्रेड टटल कित्येक वर्षं आमची खजिनदार, तीही बिनविरोध. यंदा पहिल्यांदाच तिच्याविरुद्ध कोणी उभं होतं, लाकूड गिरणीतला क्लिफ्टन.

कारण पूल. तो पडायला आला होता आणि कर्ज काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. राज्याने नुकतीच एक पेढी काढली होती. लहान गावांची कर्जं एकत्र बांधून ती न्यूयॉर्कच्या धनकोंपुढे ठेवायची, म्हणजे व्याज कमी पडतं. विनिफ्रेडला तेच हवं होतं. अडचण एवढीच की आमच्या गाठोड्यात बार्लोही होतं. नदीच्या खालच्या अंगाचं हे गाव. आजोबांच्या काळात त्यांनी आमचं पोस्ट ऑफिस पळवलं, ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

"आमच्या चांगल्या नावावर बार्लोला स्वस्तात कर्ज?" गिरणीचा मालक लायल ग्रिग्ज उठून म्हणाला. "महापुराच्या सालीही आम्ही हप्ता चुकवला नाही. एकट्याने घ्या. चार डॉलर जास्त गेले तर गेले."

लोकांनी बाकं बडवली. खरं सांगते, माझीही मान ताठ झाली.

विनिफ्रेड उठली. "लायल, आपलं नाव चांगलंच आहे. पण ते ऐकू कुठवर जातं? तुझ्या गिरणीचा भोंगा जातो तिथवर. न्यूयॉर्कच्या माणसाने ईस्ट हेबर नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही. ज्याची ओळख नाही, त्याच्याकडून तो जास्तच व्याज घेणार."

तिने हिशेबाची वही उघडली.

"वीस वर्षांत जे व्याज वाचेल, त्यात बर्फ हटवायची नवी गाडी येते. बार्लोचाही फायदा होईल, होऊ दे की. त्यात आपलं काय जातं? रुसव्यापायी जास्त भरायचं असेल तर खुशाल भरा. पण वर्षाच्या हिशेबात मी ते पुलाच्या नावावर लिहिणार नाही, रुसव्याच्या नावावर लिहीन."

इतकं झोंबणारं आम्हाला तोंडावर कोणी कधी ऐकवलं नव्हतं. चिठ्ठ्या पडल्या आणि बार्लोच्या जोडीने कर्ज काढायचा ठराव थोडक्यात पास झाला. मग लगेच खजिनदाराची निवड. गाव वरमलं होतं, आणि वरमलेलं गाव चावतं. क्लिफ्टन निवडून आला.

विनिफ्रेडने त्याचा हात हातात घेतला, त्याला खुर्चीत बसवलं आणि खाली येऊन लायलच्या शेजारी बाकावर बसली. पूल तिने गावाला स्वस्तात मिळवून दिला आणि गावाने तिला उठवलं. मला तिचा अभिमान वाटला आणि आमची सगळ्यांची लाज वाटली.

"आणखी कोणाचं काही?" होबार्टने विचारलं.

विनिफ्रेडने हात वर केला. "खजिनदाराचा पगार वाढवावा, असं मी सुचवते. बरीच वर्षं वाढलेला नाही."

"दरवर्षी तूच तर नको म्हणायचीस," लायल पुटपुटला.

"तेव्हा तो माझा होता. या पोराच्या घरी दोन लेकरं आहेत. दे अनुमोदन."

लायल उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि अनुमोदन दिलं. होबार्टने मतं विचारली तेव्हा सगळ्या सभागृहाचे हात वर झाले. ठराव क्लिफ्टनच्या पगाराचा होता, पण त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मोजणी संपली तरी हात काही खाली येईनात.