तीन दिवसांची लेक

आबा गेला आन् हमरापूरच्या कारखान्यात दोनशे गणपती डोळ्यांवाचून तसेच रांगेत राहिले. चतुर्थी तर आठवड्यावर आलेली. डोळे काढायची कला आबानं शिकवली ती एकट्या सगुणाला, रोह्याला दिलेल्या लेकीला. चौथ्या दिवशी सकाळीच थोरल्या भावानं, काळुरामनं तिच्यापुढं ब्रश ठेवला.

"आमाला दहा दिवस सुतक, रंगाला हात लावता येत नाय. तुझं तीन दिवसांत फिटलं गो. तू आता दुसऱ्या घरची."

"आबानं हात धरून शिकवलं, तवा कोणच्या घरची व्हते मी, दादा?"

"गिऱ्हाईक थांबंल काय?"

"नाय थांबलं तर जाऊ दे. मीबी पुरे दहा दिवस धरणार," म्हणत सगुणा आबाच्या दिव्यापाशी जाऊन बसली.