निळ्या हौदाला लोणा

"उस्ता, हे आणि काय उगवलंय?"

मुर्तजाने टाइलांच्या सांध्यातून नख फिरवलं आणि ते बोट यदुल्ला उस्तांच्या नाकासमोर धरलं. बोटावर पांढरी पूड होती. मोहरमच्या शोकसभा भरतात त्या हुसैनियाचा हा राखणदार म्हणजे भिंतीशीही गप्पा मारेल असा माणूस. पण आज त्याचाही आवाज जरा बसलाच होता.

उस्ता हौदाच्या कोरड्या तळाशी उकिडवे बसले. टाइल्स निळ्या, अशा निळ्या की उन्हात डोळा ठरत नाही, आणि त्यांच्यामधल्या प्रत्येक सांध्यावर पांढरी लव फुटलेली. शिळ्या रोटीवर बुरशी धरावी तशी. परवा-परवा तर त्यांनी आपल्या हाताने हे सांधे भरले होते.

"लोणा आहे," ते म्हणाले.

"लोणा? तुमच्या कामाला? तोबा तोबा! माझ्या बापाच्या वेळेपासून बघतोय, असं कधी झालं नाही." आणि मग मुर्तजाचं तोंड सुटलंच. "हा त्या सिमेंटवाल्या खलीलचा प्रताप. सिमेंटात काहीतरी कालवलंय मेल्याने. मीठच विकलं असेल सिमेंट म्हणून! थांबा, हाजींच्या कानावर घालतो. मोहरम तोंडावर आलाय, माणसं वजूचे हातपाय धुवायला बसणार कुठे, या खारवटावर?"

उस्तांनी तोंड उघडलं. मुर्तजा क्षणभर थांबला असता तर कदाचित ते बोललेही असते. पण तो केव्हाच पायऱ्या चढून गेला होता, आणि उस्तांनी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

इराणच्या वाळवंटातल्या यज्दच्या उन्हाळ्यात टाइलांचे सांधे भरणं म्हणजे चेष्टा नव्हे. ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत काम उरकावं लागतं. टाइलला आधी पोटभर पाणी पाजावं लागतं, नाहीतर ती सिमेंटातलं पाणी पिऊन टाकते आणि सांध्याचा भुगा होतो. पण हे काय, कुणीही चार वर्षांत शिकतं. उस्तांचं नाव होतं ते जिभेमुळे. इथल्या जमिनीत हातभर खोदलं की मीठ. कनातीचं, म्हणजे डोंगरातून भुयाराने येणारं पाणी तेवढं गोड. खाऱ्या पाण्यात सिमेंट कालवलं की पाणी उडून जातं आणि मीठ सांध्यातून वर येऊन बसतं. म्हणून उस्ता कालवण्याआधी बादलीत बोट बुडवत, जिभेला लावत, डोळे मिटत, बाजूला थुंकत आणि म्हणत, "गोड." नाहीतर म्हणत, "ओता." ओता म्हटलं की ओतून टाकायचं, त्यावर चर्चा नाही. मोहल्ल्यात कुणी विहीर खणली की पहिलं भांडं उस्तांकडे यायचं, आणि आणणारा माणूस मुलीची सोयरीक ठरत असल्यासारखा श्वास रोखून उभा राहायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला तो जाताना जिभेची चव घेऊन गेला. येईल परत, म्हणून उस्तांनी वाट पाहिली. नवरोज आला, डाळिंबाला फुलं आली, चव काही आली नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, खजूर म्हणजे मऊ काहीतरी. पाय मोडलेला माणूस लंगडतो तरी, लोकांना दिसतं. ज्याची चव गेली तो होता तसाच दिसतो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि हौदाचे सांधे भरायच्या सकाळी मुर्तजाने पिंप भरून ठेवलं होतं. उस्तांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. ओलेपणा होता, दुसरं काही नव्हतं. ते बाजूला थुंकले. मुर्तजा समोर उभा राहून बघत होता, नेहमीसारखा, कौतुकाने.

"गोड," उस्ता म्हणाले होते.

दुपारी उस्तांच्या बायकोने, तूबाखालाने, तळघरात पान मांडलं. उन्हाळ्यात दुपारी सगळी गल्लीच तळघरात उतरते. गार ताकात काकडी, मनुका, पुदिना आणि वर चुरलेली वाळकी रोटी. उस्ता मान खाली घालून जेवत होते.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"छान. मीठ जरा कमी पडलंय."

नवऱ्याने नाव ठेवल्याशिवाय तूबाखालाला जेवण झाल्यासारखं वाटायचंच नाही. तिने हसत आपला पहिला चमचा तोंडात घातला, आणि तोंडावर हात धरून उठली ती कोपऱ्यातल्या मोरीपाशी जाऊन थुंकली. मीठ घालता घालता मुलीचा फोन आला होता. फोन ठेवल्यावर तिने पुन्हा घातलं असणार, तेही मूठभर.

ती परत येऊन बसली. उस्तांची वाटी अर्धी रिकामी झाली होती.

"उस्ता."

"हं?"

"हे ताक गाढवानेसुद्धा तोंडात धरलं नसतं."

उस्तांचा चमचा वाटीच्या काठाशी थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "तापापासून."

"आणि मी खुळी तुमच्या भातात केशर घालत बसलेय! परवा म्हणालात लोणच्याला सिरका जास्त झाला. मी रुसले पण त्यावरून!"

"अंदाजाने म्हणालो."

"अंदाजाने!" तूबाखाला हसली. खरंच हसली. आणि हसता हसताच तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "एवढ्या संसारात माझ्या हाताचा अंदाज तरी आला म्हणायचा तुम्हाला."

मग तिचं हसू थांबलं. "हौदाचं पाणी?"

"मुर्तजाने भरलं होतं. मी गोड म्हटलं."

"गल्लीत तर खलीलवरच खापर फुटलंय. त्याची बायको रोटीच्या रांगेत उभी होती, तिच्या पुढची तिच्याशी बोलेना, मागची बोलेना. माझ्याकडे बघून हसली बिचारी. मी पण दुसरीकडे बघितलं."

उस्तांनी वाटी बाजूला सारली. "तू कुणाला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार." तिने वाट्या एकात एक ठेवल्या. "सांगायचं ते माझं नाहीच."

दिवस कलल्यावर माणसं हौदाकाठी जमली. हुसैनियाचे कारभारी हाजी नसरुल्ला खुर्चीवर बसले होते. खलील खांद्यावर गोणी घेऊनच आला होता. ती त्याने सगळ्यांसमोर धपकन टाकली.

"हाजी, शपथ घालायची ती घाला. याच मालातलं सिमेंट माझ्या घरच्या न्हाणीत भरलंय. या, बघा, आरशासारखं आहे."

"न्हाणी तुझी आहे ना, तिथे चांगलंच भरशील!" मुर्तजाने टोला हाणला. दोघंतिघं हसले.

"मग तू पाणी कुठलं दिलं होतंस, ते सांग की."

"अर्धं पिंप कनातीचं. तेवढ्यात आपली पाळी संपली, पाणी बागांकडे गेलं. मग वरचं अर्धं आपल्या नव्या विहिरीचं. लपवतोय कुठे मी?" मुर्तजाने छाती पुढे काढली. "पण उस्तांनी चाखलं! खारं असतं तर जागच्या जागी ओतायला लावलं असतं, आणि वर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. काय उस्ता, चाखलंत की नाही?"

सगळ्या माना वळल्या.

उस्तांनी मान हलवली. चाखलं तर होतंच.

खलील काहीतरी ताडकन बोलणार होता. ते त्याने गिळलं. दोन्ही हात बाजूला लोंबकळले. "उस्तांनी चाखलं होतं?" तो हळूच म्हणाला. "हे मला कुणी सांगितलं नाही. मग हाजी, माझीच खोट. कारखान्यातूनच तसं आलं असेल, मला काय कळणार आतलं. मी नवीन माल देतो, खरवडायला माणसंही देतो. उस्ता गोड म्हणाले म्हणजे ते गोडच होतं."

तो भांडला असता तर उस्ता गप्प राहू शकले असते. भांडणाऱ्या माणसासमोर गप्प राहणं सोपं असतं. पण खलील गोणीचं तोंड बांधायला खाली वाकला, आणि उस्तांना त्याची मान दिसली, घामाने आणि सिमेंटने राखाडी झालेली.

"राहू दे ती गोणी," उस्ता म्हणाले.

"नाही उस्ता, परत नेतो ना."

"राहू दे म्हणतो. सिमेंट चांगलं आहे. पाणी खारं होतं." त्यांचा आवाज इतका साधा होता की मागच्यांना वाटलं ते उद्याच्या कामाबद्दल बोलताहेत. "मी बोट जिभेला लावलं, पण मला काही कळलं नाही. हिवाळ्यापासून मला कसलीच चव कळत नाही. मुर्तजा बघत होता म्हणून मी गोड म्हणालो."

मुर्तजाने पुढे काढलेली छाती हळूच आत घेतली.

"उस्ता," हाजी नसरुल्ला शेवटी म्हणाले, "खारट काय, पोरालाही कळतं. तुम्ही एक शब्द टाकला असता तर आमच्यापैकी कुणीही चाखलं असतं."

"हो, हाजी."

हे खरंच होतं. कुणालाही कळलं असतं. पण उस्ता असताना त्या पिंपात दुसऱ्या कुणी बोट बुडवलंच नव्हतं.

"आता मेहरीज गावचा कारागीर बोलवावा लागेल," हाजी म्हणाले. त्यांनाही ते जड जात होतं. ते उस्तांकडे न बघता हौदाकडे बघत होते.

"बोलवा. चांगला आहे तो. पण माझं भरलेलं मी खरवडून देईन. ते त्याला करायला लावू नका."

माणसं पांगली. खलील गोणी तिथेच ठेवून निघाला, दारापर्यंत गेला, परत आला. शेवटी काम झाल्यावर कारागिराला म्हणतात तेच तो म्हणाला, "तुमचा हात दुखू नये, उस्ता," आणि घाईघाईने गेला.

उस्तांनी सांधे खरवडले. पहाटे यायचे, छिन्नी लावायचे, ऊन आलं की घरी जायचे. मुर्तजा चहा आणून ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. हौद पुसून धुऊन झाला तेव्हा टाइल्स पुन्हा निळ्या झाल्या होत्या. मधल्या फटी तेवढ्या रिकाम्या.

मेहरीजचा माणूस आला. तरुण, चलाख हातांचा. त्याने स्वतः पाणी तोंडात घेतलं, चूळ टाकली, म्हणाला, "गोड आहे." त्या वेळी उस्तांकडे कुणी बघितलं नाही, न बघण्याची सगळ्यांनी काळजी घेतली. ऊन चढायच्या आत त्याने सांधे भरले, वर ओली गोणपाटं अंथरली, "यांना वाळू देऊ नका" असं मुर्तजाला बजावलं आणि बस गाठायची म्हणून निघून गेला.

दुपार झाली. मोहल्ला तळघरात उतरला. मुर्तजाही पंख्याखाली आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. बाहेर वाऱ्यालासुद्धा चटके बसत होते. असल्या उन्हात ओलं गोणपाट घटकेत पापडासारखं होतं, आणि आतला कच्चा सांधा तहानेने तडकतो.

तळघरात तूबाखालाला अंथरूण हलल्याचं कळलं. पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. तिने डोळे उघडले नाहीत, हाक मारली नाही. कूस बदलून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

हुसैनियाचं दार लोटलेलंच होतं. उस्तांनी झारी भरली आणि हौदात उतरले. एका टोकापासून सुरुवात केली. गोणपाटावर पाणी पडलं की चर्र आवाज होई, वाफ निघे, आणि ताठरलेलं कापड हळूहळू मऊ पडून टाइलांना चिकटे. उस्ता तळहाताने ते दाबून बघत. मग कमरेवर हात टेकून उठत आणि पुढच्याकडे जात.