बस आणि पुरे

"बस, अब यही कोई पंद्रह दिन," जनावरांचे डॉक्टर अनिमेष म्हणाले, आणि टेबलापाशी उभा असलेला ढब्बू खाली बसला.

डॉक्टरांना हसू आलं. मग त्याची लाज वाटून ते सोनोग्राफीच्या कागदाकडे पाहू लागले. प्लीहेवर गाठ होती. कधीही फुटेल अशी.

"दौड़ाइए मत. जो पसंद है खिलाइए. जहाँ पसंद है, घुमा लाइए."

शरदिनीने मान हलवली. ढब्बू अजून बसलेलाच होता. वाकून त्याच्या कानाशी ती म्हणाली, "पुरे." तो उठला.

*

बस : मराठीत, खाली बस. हिंदीत, पुरे.

पुरे : हे गल्लीत कुणालाच ठाऊक नाही.

सगळा घोळ एवढाच. घरात मराठी, म्हणून ढब्बूही मराठी. पिल्लू असताना शरदिनीने त्याला दोन शब्द शिकवले. बस म्हटलं की बसायचं, पुरे म्हटलं की उठायचं. आणि बाहेर अख्खी काशी दिवसभर बस म्हणत असते. दूध ओतणाऱ्याला बस, होडी काठाला लावणाऱ्याला बस, भांडण सोडवणारा तर दोनदा म्हणतो. ढब्बू दर वेळी बसायचा. एकदा मुन्शी घाटावर भर पायऱ्यांवर बसला तो हलेचना. शेवटी चहावाला पत्ता विचारत अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत, शरदिनीच्या दारात आला होता.

"दीदी, चलिए. ऊ उठाने वाला मंतर आप ही को आता है."

*

शरदिनी चोपन्न वर्षांची. एका पाठशाळेच्या ग्रंथालयात कारकून. दहा ते चार ग्रंथालय. उरलेले सगळे तास नाना.

नाना म्हणजे वडील, वय शहाऐंशी. आई गेली त्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, असा नेम. त्याला चौदा वर्षं झाली. पूर्वेला गंगा हीच हद्द. पलीकडचा रेतीचा काठ खिडकीतून दिसतो, पण तो बाहेरचा.

नेम नानांचा होता. पाळला दोघांनी. पुण्यातली लग्नं, बारशी, मावशीचं जाणं. शरदिनी एकदाही हद्द ओलांडून गेली नाही. त्यांना एकटं कसं सोडणार? पहिल्या वर्षी हा प्रश्न होता. मग त्याचं उत्तर कुणी विचारेनासं झालं.

कमरेचं हाड मोडल्यापासून नाना खाटेवर. दुखलं की म्हणतात, "पुरे झालं रे विश्वनाथा." आणि खाटेखालचा ढब्बू उठून उभा राहतो.

*

"काय म्हणाला डॉक्टर?"

"पंधरा दिवस."

"भाग्यवान आहे," नाना म्हणाले. "आम्ही चौदा वर्षं लाइनीत उभे आहोत."

"नाना, त्याला पार नेऊन आणते एकदा. रेतीवर."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "डोकं ठिकाणावर आहे? तिकडे गेला तर? पलीकडे मेलं की गाढवाचा जन्म."

"कुत्र्याला गाढवाचा जन्म म्हणजे बढतीच की."

"चेष्टा नको. इथे मुंगीलासुद्धा मुक्ती आहे. फुकट मिळतेय ती घालवू नकोस त्याची."

"त्याला मुक्ती नकोय. रेती हवीय."

"तुला सांगितलं वाटतं त्याने?"

सांगितलं नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वी होडीवाल्या विष्णू मल्लाहाने त्याला त्याच रेतीवरून गमछ्यात गुंडाळून आणलं होतं. आणि हल्ली, खाणं सुटल्यापासून, तो खिडकीच्या गजांत नाक घालून पलीकडे बघत बसायचा. कुणी बस न म्हणताही.

*

चौथ्या दिवशी तो पाणीही पिईना.

शेजारची अंबिका तासभर नानांपाशी बसायला तयार झाली. शरदिनीने ढब्बूला जुन्या शालीत घेतलं.

"कुठे?" नानांनी विचारलं.

"दवाखान्यात. घंट्याभरात वापस. येते हं."

जाते म्हणायचं नसतं, म्हणून येते. पण खोटं होतं ते पहिलं वाक्य.

*

विष्णू होडी वल्हवत होता. "दीदी, आप भी पहिली बार जा रही हैं का ओ पार?"

"बहुत साल बाद."

मागे घाट लहान होत गेले. अर्ध्या नदीत तिने वळून घराची खिडकी शोधली. सापडली नाही. छाती हलकी होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. कुणीतरी दोरी सोडतंय, पण दुसरं टोक हातातच धरून आहे, असं काहीतरी.

रेतीवर तिने त्याला खाली ठेवलं. धावला नाही. चार पावलं चालला, हुंगलं, पुढच्या पंजाने थोडी रेती उकरली, आणि त्या खळग्यात आडवा झाला. शेपूट एकदा हलली. डोळे मिटले. श्वास आखूड झाले.

तिचा हात त्याच्या बरगड्यांवर गेला. "इथे नको रे," ती म्हणाली. "इथे नको."

तिच्या तोंडून निघालेला आवाज नानांचा होता. चौदा वर्षं ती समजत होती की आपण या सगळ्याला मनातून हसतो.

फोन वाजला. अंबिका. "दीदी, नाना खिड़की तक घिसट के आ गए हैं. लीजिए, बात कीजिए."

मग नानांची धाप. "शरू. पार आहेस ना तू?"

तिने दुसरा हात ढब्बूच्या बरगड्यांवरच ठेवला.

"आण त्याला परत. अजून वेळ आहे. आण गं." मग लहान आवाजात, "तूही ये."

फोन बंद झाला. की तिने केला.

लगेच उचलून होडीत ठेवलं, तर दहा मिनिटांत अलीकडे. तिने दोन्ही हात त्याच्याखाली घातले. रेती उबदार होती. त्याचं पोटही. तिने हात काढून घेतले.

विष्णूने होडीतून हाक दिली, "दीदी, बस?"

ढब्बूचे कान हलले. त्याने डोळे उघडले. पुढचे पाय रेतीत रोवले, एक घसरला, पुन्हा रोवला. अंग थरथरत वर आलं. आणि तो बसला. नीट, मान ताठ, शिकवलं होतं तसा. समोर नदी आणि पलीकडे सगळी काशी.

फोन पुन्हा वाजू लागला.

त्याला उठवायला एकच शब्द होता, आणि तो फक्त तिला येत होता. शरदिनीने तोंड घट्ट मिटलं, शाल अंथरली, आणि त्याच्या शेजारी बसली.