आईच्या मापाची सीट

"आता टेक. पूर्ण टेकून बस, अंग सोड," बाबा म्हणाले.

आई टेकली. गाडी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजीन बंद, चारही दारं उघडी. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती आणि बाबा दाराशी उकिडवे बसून तिच्या कमरेकडे बघत होते, शिंपी कोटाच्या खांद्याकडे बघतो तसे. मी गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी होते.

"कुठे लागतंय?"

"कुठे नाही."

"खरं सांग."

"उजवीकडे, खाली. जरासं. पण एवढं चालतं हो, सिनेमाच्या खुर्च्या याहून वाईट असतात."

बाबांनी खिशातून खडू काढला आणि सीटच्या पाठीवर एक गोल काढला. म्हणजे ती पाठ आज पुन्हा उसवली जाणार, हे आम्हा दोघींना कळलं.

बाबा गाड्यांच्या सीटा शिवायचे. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं, आणि मागे शेडला लागून आमचं घर. लांबच्या सहलीला निघायच्या आधी लोक गाडी त्यांच्याकडे आणत, आणि सहलीहून आल्यावर डाग, चिरा, फाटकी शिवण घेऊन पुन्हा आणत. जुनी सीट उसवली की शिवणीतून वाळू गळायची. आई दुकानात हातशिलाईला बसायची आणि संध्याकाळी झाडूही मारायची. जगाची सहल माझ्या केरात, असं ती म्हणायची. कधी त्या केरात मुलीच्या केसांची पिन निघे, कधी शिंपला. शिंपले ती खिडकीत मांडून ठेवी आणि मालक आला की परत देऊ करी. कुणी ते घेऊन जात नसे.

आमची स्वतःची गाडी जुनी होती आणि तिच्या सीटा गावात सर्वांत वाईट होत्या. माझ्या लहानपणी मागच्या सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती. तिच्यावर उशी टाकून मी बसायचे. आई दर सहलीला एकदा तरी म्हणायची, "जगाच्या बुडाखाली गादी, आणि घरच्यांच्या बुडाखाली स्प्रिंग." बाबा हसायचे. पुढच्या महिन्यात करतो म्हणायचे. पुढच्या महिन्यात कुणाची तरी गाडी सीटांवाचून खोळंबलेली असायची.

समुद्र आमच्याकडून तीन तासांवर आहे. वर्षातून एकदोनदा आम्ही जायचो. पहाटे उकडलेली अंडी आणि पाव बांधून घ्यायचा, अंधारात निघायचं, आणि दिवे लागायच्या सुमाराला परत फिरायचं. मुक्काम कधीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुकान. किनाऱ्यावर पोचलं की आई कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून सरळ पाण्यात शिरायची. बाबा मात्र आधी उभ्या केलेल्या गाड्यांमधून एक फेरी मारायचे. काचेला कपाळ टेकवून आत बघायचे. मग लांबून ओरडून सांगायचे, की ही आपली शिलाई आहे, चार वर्षं झाली तरी दोरा हललेला नाही. आई पाण्यातून म्हणायची, "अहो, समुद्र इकडे आहे."

परतताना ती ओल्या कपड्यांनी बसायला लागली की बाबा सीटवर वर्तमानपत्र पसरायचे. आई त्या फाटक्या सीटकडे बघायची, मग वर्तमानपत्राकडे, मग माझ्याकडे. "या सीटचं समुद्र आता आणखी काय वाकडं करणार आहे, मला सांगा." तरी ती वर्तमानपत्रावरच बसायची.

हे सगळं मी आता लिहिते आहे, कारण आई गेली त्या वर्षी आम्ही पुन्हा समुद्रावर जायचं ठरवलं होतं.

आजार तिच्या मणक्यात उतरला होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी फाइल मिटली आणि यापुढे त्रास कमी होईल तेवढंच बघू, असं सांगितलं. मी महिन्याची रजा टाकून घरी आले. आल्या दिवशी आईने मला जवळ बसवून एवढंच मागितलं. समुद्र. आणि या वेळी मुक्काम. किनाऱ्याला लागून एक साधं लॉज आहे, दर वेळी आम्ही त्याच्यापुढे गाडी लावायचो. वरच्या खोल्यांच्या खिडक्या वाऱ्याने खडखडताना खालून दिसायच्या. त्यातल्या एका खोलीत तिला एक रात्र झोपायचं होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. निघण्याआधी गोळी द्या, मध्ये थांबत जा, त्या म्हणाल्या, आणि न्यायचं तर लवकर न्या.

बाबांनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी गाडीची पुढची सीट काढून दुकानात नेली.

"रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे," ते मला म्हणाले. त्यांनी मला तुम्ही म्हटलं म्हणजे विषय संपला असं समजायचं असे. "दर खड्ड्याला तिचा जीव जाईल. मी तिला तशी नेणार नाही."

त्यांनी जुनं रेक्झिन सोलून काढलं, स्प्रिंगा बदलल्या, तीन तऱ्हेचे फोम एकावर एक चिकटवले. आईची पाठ त्यांनी तळव्याने तपासली, जिथे हाड वर आलं होतं तिथे फोममध्ये तेवढीच खोलगट जागा कापली. असं काम मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या खेपेला आई बसली आणि खरोखरच तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, लग्नात अशी एक सीट दिली असती तर मी जन्मभर काही बोलले नसते. बाबा म्हणाले, मानेशी थोडं चुकलंय, दोन दिवस दे.

दोन दिवसांनी मान बरोबर झाली आणि कंबर चुकली. कंबर केली तर खांदा. समोरचा टायरवाला चहाचा ग्लास घेऊन बघायला यायचा. "काय वहिनी, पोचलात का समुद्रावर?"

"अजून पुलापर्यंतच आलोय, भाऊजी," आई बसल्या जागेवरून सांगायची. "यांना वाटेत फोम दिसला."

माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. बाबांचं काम चुकत नव्हतं. ते ज्या मापाने कापत होते ते माप ती सीट तयार होईपर्यंत उरत नव्हतं. आई रोज थोडी कमी होत होती. आज जिथे मांस होतं तिथे चार दिवसांनी हाड लागायचं, आणि बाबा सीटवर हात दाबून म्हणायचे, "फोम बसला. हलका निघाला माल." मग दुसऱ्या दुकानातून दुसरा फोम आणायचे. पुन्हा खडू, पुन्हा गोल. माणसांच्या बसण्यावरून त्यांची वजनं सांगणारा माणूस आपल्या बायकोचं वजन बघायला तयार नव्हता.

मी आईला म्हटलं, आपण दोघी जाऊ. चार उशा घालू, मी चालवते.

तिने नाही म्हटलं. तेव्हा ती पलंगावर होती आणि शेडमधून मशीनचा आवाज येत होता. "डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही. तुझ्या नाही, माझ्या नाही. यांच्या हातात निदान एक सीट आहे. ती कशी काढून घेऊ?"

"आणि समुद्र?"

"आहे ना तो तिथे. पळतोय थोडाच."

पण तिला घाई होती. ते मला कळत होतं, कारण त्या दिवसांत ती मधूनच विचारायची, आज वार कोणता, बाहेर ऊन आहे का, आणि मी आहे म्हटलं की छताकडे बघत राहायची.

मग एक सकाळ अशी आली की तिने स्वतःहून चहा मागितला, पाव खाल्ला. केस धुऊन दे म्हणाली. मी धुतले. तिच्या अंगात आलेली ती तरतरी खरी नाही हे मला ठाऊक होतं, पण मी काही न बोलता बॅग भरली. लॉजला फोन केला. वरची खोली रिकामी होती. आई माझ्या खांद्यावर हात टाकून शेडपर्यंत चालत आली, आमच्या मदतीने सीटवर बसली आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

"चला," ती म्हणाली. "असंच निघू या."

बाबांनी दार उघडलं. तिच्या पाठीमागे हात घातला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या बोटांना पाठ आणि सीट यांच्यामध्ये पोकळी लागली होती.

"पोकळी राहिलीय इथे. अर्ध्या दिवसाचं काम आहे," ते म्हणाले. "आज करून टाकतो. उद्या सकाळी निघू."

"अहो, राहू दे की पोकळी."

"तीन तास आहेत, अगं. झोळीसारखं हलत राहील सगळं. तुला नाही सोसणार."

 मी मध्ये पडणार होते. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हातात वजन असं राहिलेलंच नव्हतं, पण मी गप्प झाले. मग ती बाबांना म्हणाली, "उद्या नक्की?" आणि बाबा म्हणाले, "उद्या नक्की." तिला उतरवायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला.

बाबांनी दिवसभर काम केलं. पोकळी भरली, नवं रेक्झिन चढवलं, कडेने तिला आवडणाऱ्या निळ्या रंगाची पट्टी घातली. सीट गाडीत बसवून, चारही बोल्ट आवळून, हात धुऊन ते जेवायला आले तेव्हा मला वाटलं, आता खरंच झालं. त्यांनाही वाटलं. खड्डे कुठे कुठे आहेत हे ते जेवताना मला समजावून सांगत होते.

पहाटे आईला ताप भरला. ती बोलत होती, पण तिच्या बोलण्यात आम्ही नव्हतो. उजाडल्यावर आम्ही तिला उचलून गाडीत ठेवलं. ती सीटवर बसली, नव्हे, सीटने तिला धरलं. मान बरोबर, कंबर बरोबर, खांदा बरोबर. कुठेही उशी लावावी लागली नाही. बाबा इतक्या सावकाश चालवत होते की मागचे लोक हॉर्न वाजवून पुढे जात होते. दुकानांची रांग संपली की चौक लागतो. तिथून डावीकडचा रस्ता समुद्राला जातो. बाबांनी उजवीकडचा दिवा लावला.

वळताना आईने डोळे उघडले. काही क्षण ती पूर्ण शुद्धीवर होती.

"अहो," ती म्हणाली. "आता अजिबात टोचत नाही."

 बाबांनी मान हलवली, पुन्हा हलवली, आणि ती हलतच राहिली.

इस्पितळात ती फार दिवस काढू शकली नाही.

त्यानंतर मी रजा वाढवून घेतली. बाबांनी दुकान उघडलं, कारण न उघडून काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. दोघांना कुठे जायचं झालं तर मी गाडीत मागे बसायचे. पुढे बस असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतले लोक आमच्याकडे बघायचे. त्यांना मी भाड्याने गाडी केलेली बाई वाटत असणार.

एकदा बोलता बोलता मी म्हटलं, बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आईलाच ते हवं होतं. ते मशीनमध्ये दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "तिला समुद्र हवा होता."  

मी परत जाणार होते त्याच्या आदल्या दिवशी दुकानापुढे एक गाडी थांबली. साधारण माझ्याच वयाचा माणूस उतरला. मागे सामान खच्चून भरलेलं होतं, बादल्या, चटया, मुलं एकमेकांना ढकलत होती, आणि पुढे एक म्हातारी बाई एका कुशीवर कलून बसली होती. माणूस भला होता. तो सांगू लागला, की समुद्रावर निघालो होतो, पण आईची कंबर धरली, गल्लीच्या टोकापर्यंत येईस्तोवर कळवळली. म्हटलं घाई कशाला, आधी तिच्यापुरती सीट नीट करून घेऊ. तुमचं नाव ऐकलंय, काका. पुढच्या आठवड्यात गाडी आणून देतो, मग त्याच्या पुढच्या सुट्टीत जाऊ.

 बाबा गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेले आणि वाकले.

"आजी, तुम्हाला जायचंय का आज?"

"मला कोण विचारतंय," म्हातारी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "जायचं तर होतं."

बाबा सरळ झाले. "जाऊन या," त्यांनी त्या माणसाला सांगितलं. "तुम्ही परत आलात की सीट करू."

"अहो पण काका, रस्ता किती खराब आहे. टोचेल तिला."

"टोचेल," बाबा म्हणाले. "टोचू दे."

माणूस माझ्याकडे बघायला लागला.  बाबा आत गेले. मशीनपुढच्या स्टुलावर त्यांची स्वतःची गादी बांधलेली होती, वर्षानुवर्षं बसून मध्ये दबलेली. तिचे बंद त्यांनी सोडायचा प्रयत्न केला. ते सुटेनात तेव्हा कात्रीने कापले. मग ती गादी दुमडून त्यांनी म्हातारीच्या कमरेमागे सारली, हाताने चाचपली. अजून थोडी जागा राहत होती. ती त्यांनी तशीच राहू दिली.

"परत आणून द्यायची घाई नाही," ते म्हणाले आणि दार लावलं.

गाडी निघाली, चौकात डावीकडे वळली. बाबा आत आले. उघड्या लाकडी स्टुलावर बसून त्यांनी अर्धवट राहिलेली शिवण पुढे ओढली, आणि बसण्याची जागा नीट करून घेण्यासाठी जराही न हलता मशीन सुरू केलं.