दाराजवळची मांडणी

मिस्त्रींनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. हे त्यांनी ग्रंथपालबाईंना तोंडावर सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाले, कार्डं मी लिहितो.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. ती वाचनालयात नोकरीला नव्हती. आठवड्यातून दोन दुपारी हौसेने जायची, अशी बावीस वर्षं. दाराजवळच्या मांडणीत नव्या कादंबऱ्या लागायच्या आणि प्रत्येकीत तिच्या अक्षरातलं एक कार्ड असायचं. चार-पाच ओळी. कादंबरी कशी आहे, कोणी वाचावी, कोणी हात लावू नये. लोक पुस्तक नंतर बघायचे, आधी कार्ड. तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. शेवटचं पान वाचल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही.

ती गेल्यानंतर आलेल्या कादंबऱ्या कार्डाविना उभ्या होत्या आणि त्यांना कोणी उचलत नव्हतं. समितीचं म्हणणं पडलं की ही मांडणी काढावी आणि तिथे झेरॉक्सचं मशीन बसवावं. ग्रंथपालबाईंनी मिस्त्रींना बोलावलं होतं ते तिचा चष्मा आणि दोन पेनं खणात राहिली होती ती न्यायला. मांडणीची बातमी त्यांनी जाता जाता सांगितली. मिस्त्रींनी चष्मा खिशात घातला आणि विचारलं, समितीची बैठक कधी? तीन महिन्यांनी, बाई म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, तोवर किती कार्डं झाली तर मांडणी राहील?

बाईंना वाटलं माणूस दुःखात बोलतोय. त्यांनी वीस हा आकडा सांगितला, तोही हे अंगावर घेणार नाहीत म्हणून. वर जोडलं की नुसती कार्डं लावून भागणार नाही, पुस्तकं लोकांच्या घरी गेली पाहिजेत.

"चालेल," मिस्त्री म्हणाले. "त्यातलं सगळ्यात जाड कुठलं ते द्या. अवघड काम आधी उरकलेलं बरं."

मिस्त्रींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एका माणसाला फिरायला जेमतेम जागा, समोर काउंटर, मागे भिंतीवर सुट्या भागांचे डबे. त्या काउंटरवर आता मशीनच्या शेजारी कादंबरी उघडी पडलेली असायची आणि ती मिटू नये म्हणून तिच्यावर मशीनचं लोखंडी शटल ठेवलेलं. पहिली होती सातशे पानांची ऐतिहासिक. दोन राजे, चार राण्या आणि कोण कोणाचा काका याचा पत्ता नाही. तिसाव्या पानाला मिस्त्री हरवले. पण मशीन खोलताना ते जे करायचे तेच त्यांनी केलं. कागद घेतला आणि एकेक माणूस दिसेल तसा लिहून ठेवला, कोणाच्या बाजूचा, कोणावर खार खाऊन. अकरा दिवस लागले. मुलीने फोनवर विचारलं, बाबा, काय करताय, तर म्हणाले, लढाईवर आहे. ती हसली. आईने तुम्हाला एवढी वर्षं सांगितलं तेव्हा नाही उघडलंत पुस्तक, म्हणाली. खरंच होतं ते.

मग वेग आला. एक विज्ञानकथा वाचली, त्यात यानातली हवा संपत येते आणि नायक हातपंप दुरुस्त करतो. पंपाची झडप लेखकाने उलटी बसवली होती. मिस्त्रींनी कार्डावर तसं लिहिलं आणि खाली, तरीही वाचा, पंप सोडला तर माणसं सरळ बसवलीत. एक प्रेमकथा वाचली. दोघं तीनशे पानं एकमेकांवर रुसून. मिस्त्रींनी लिहिलं, एकदा समोरासमोर बसून बोलले असते तर बारा पानांत आटपलं असतं, पण रुसण्याची मजा घ्यायची असेल तर न्या. ती प्रेमकथा दुसऱ्या दिवशीच गेली आणि तिच्यासाठी तिघांनी नाव लावून ठेवलं. बाईंनी नोंदवही पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

खरी गोडी लागली ती खुनांच्या कादंबऱ्यांची. बंद पडलेलं मशीन आणि खून, दोन्हीत शोधायची रीत एकच, असं मिस्त्रींना वाटलं. टाका सुटतो म्हणून सुईला दोष द्यायचा नाही, मागे जात राहायचं. मांडणीत अशा सहा होत्या. सोळा दिवसांत सहाही झाल्या आणि मिस्त्रींनी एका बैठकीत सहा कार्डं लिहून टाकली.

घात तिथेच झाला. दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनला मिस्त्री एक चिठ्ठी बांधत. काय बिघडलं होतं, कशामुळे, कसं सुटलं. गिऱ्हाइकाला सगळं कळलं पाहिजे, लपवाछपवी नको, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्याच हाताने ही कार्डंही लिहिली गेली. "मावशीचा खून भाच्याने केला. कारण घर. चहाच्या कपावरून सापडला. काम चोख." दुसरं: "खुनी डॉक्टर. माळ्यावर उगाच संशय." अशी सहाच्या सहा.

वाचनालयात एक निवृत्त नर्स यायच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या खुनाशिवाय दुसरं काही वाचत नसत. आठवड्याला दोन खून हा त्यांचा खुराक. त्यांनी सवयीने कार्ड वाचलं, पुस्तक खाली ठेवलं, हे असं कसं म्हणून दुसरं काढलं, तिसरं काढलं, आणि पाच मिनिटांत सहाही कादंबऱ्यांचे निकाल त्यांच्या पोटात गेले. त्या तशाच तडक दुकानात आल्या. दोन बायका कव्हर शिवायचं मशीन घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोरच बोलल्या.

"मिस्त्री, तुमची बायको बावीस वर्षं मला नुसता वास देऊन जेवायला बसवायची. तुम्ही घास चावून तोंडात दिलात."

मिस्त्रींना आधी कळलंच नाही काय चुकलं. म्हणाले, यात खोटं काय लिहिलंय? सिस्टर म्हणाल्या, खोटं असतं तर बरं झालं असतं. आणि निघून गेल्या.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या आठवड्यात मांडणीतून एक पुस्तक हललं नाही. लोक कार्डाकडे बघायलाच घाबरू लागले. ग्रंथपालबाईंनी मिस्त्रींना आत बसवलं, चहा मागवला आणि समजुतीने सांगितलं की त्यांनी जेवढं केलं तेवढं पुष्कळ झालं. अकरा कार्डं झाली, त्यातली सहा अशी. महिना राहिलाय. आता त्रास करून घेऊ नका, तिचं नाव लोक तसंही विसरणार नाहीत.

मिस्त्रींनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "नावाचं सोडा. मांडणी राहिली पाहिजे. मला लिहिता येत नाही हे कळलं, आता शिकतो. तिची जुनी कार्डं कुठेत?"

जुनी कार्डं आतल्या रांगांमधल्या पुस्तकांतच होती. मिस्त्रींनी दोन दिवस दुपारी दुकान बंद ठेवलं आणि रांगेत उभं राहून एकेक पुस्तक काढून वाचलं. पुस्तक नव्हे, कार्ड. बायकोचं अक्षर त्यांना वाणसामानाच्या यादीत माहीत होतं, इथे ते वेगळंच बोलत होतं. "कोणाच्या उशाशी दवाखान्यात बसायचं असेल तर ही न्या. कुठेही थांबता येतं, कुठूनही धरता येतं." "रागीट माणसांनी वाचावी. नायक तुमच्याहून रागीट आहे, बरं वाटतं." "यातलं भूत गरीब आहे. सासूबाईंना द्यायला हरकत नाही." तिने कुठेही गोष्ट सांगितली नव्हती. ती वाचणाऱ्या माणसाबद्दल लिहायची. सगळी मख्खी तिथे होती.

आणि एका जाडजूड कौटुंबिक कादंबरीत हे होतं: "सुरुवातीची चाळीस पानं नेटाने ओढावी लागतात. आमच्या घरी मी ही मोठ्याने वाचली, ऐकणारा दहाव्या पानाला झोपला. दिवसभर मशीनवर वाकलेला माणूस, त्याला बोल लावत नाही. पण पुढे त्याला उठवायला हवं होतं मी."

मिस्त्री ते कार्ड हातात धरून किती वेळ उभे होते ते त्यांना सांगता आलं नसतं. कोणीतरी मागून "जरा सरकता का" म्हणालं तेव्हा सरकले. ती कादंबरी त्यांनी आपल्या नावावर घेतली. विसांत तिची गणती होणार नव्हती, तरी घेतली आणि दहाव्या पानापासून वाचली.

आता सहा खुनांचं काय करायचं? कार्डं फाडून भागत नव्हतं, सांगितलेलं परत घेता येत नाही. मिस्त्रींनी सहाही कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या, खुनी माहीत असलेल्या माणसाने वाचाव्या तशा. चार निव्वळ पोकळ निघाल्या. खुनी काढून घेतला की आत काही उरत नव्हतं. त्या चारांत त्यांनी लिहिलं, "यातली एकच गंमत होती ती मी घालवली. माफ करा. ज्यांनी माझं आधीचं कार्ड पाहिलं नाही त्यांनीच न्यावी." उरलेल्या दोन मात्र दुसऱ्या वाचनात जास्त आवडल्या. मावशीवाल्या कादंबरीत त्यांनी लिहिलं, "खुनी भाचा, हे आता गावाला माहीत. आता तो पहिल्या पानापासून मावशीला चहा कसा करून देतो ते बघत वाचा. मला दुसऱ्यांदा वाचताना जास्त भीती वाटली."

हे कार्ड घेऊन ते सिस्टरांच्या घरी गेले. पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, आवडलं नाही तर मी कार्डं लिहिणं सोडतो, आवडलं तर वाचनालयात येऊन तसं सांगा. सिस्टरांनी दार पुरतं उघडलंही नाही. पुस्तक तेवढं घेतलं. चौथ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या, मांडणीपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने विचारलं, त्या डॉक्टरचं कुठाय? तिथे उभ्या असलेल्या दोघांनी मावशीची मागितली.

तिथून पुढे मिस्त्रींनी मागे पाहिलं नाही. विनोदी, शिकारीची, कोर्टातली, आगबोटीवरची, दिसेल ती वाचली. जेवताना वाचली, रांगेत वाचली. कार्डं आता लहान झाली. "आगबोटीची ज्यांना मळमळतं त्यांनी घरीच वाचावी." "कोर्टातली भांडखोर शेजारी असणाऱ्यांना कामाची." बैठकीच्या आधी पाच दिवस एकोणीस झाली आणि एकोणिसांपैकी चौदा कादंबऱ्या लोकांच्या घरी होत्या.

विसावी त्यांनी मागे मागे ठेवली होती. ती एका विधुराची होती.

एकशे चाळीस पानांपर्यंत मिस्त्री ठीक होते, उलट त्या नायकावर वैतागलेच. बायको गेल्यावर हा गृहस्थ डोंगरात जाऊन बसतो, आणि घरची भांडी कोण घासतं ते लेखक सांगत नाही. पण नवव्या प्रकरणात तो परत येऊन तिचं कपाट उघडतो. एकेक कपडा काढतो, घडी मोडतो, पुन्हा घालतो. मिस्त्रींनी पुस्तक मिटलं. त्यांच्याही घरी ते कपाट तसंच होतं, पाच अन् तीन आठ महिने, किल्ली लावलेली. चार दिवस पुस्तक काउंटरवर तसंच पडून राहिलं.

बैठकीच्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. वाचनालय उघडलं तेव्हा ते दारात होते. वाचनकक्षात खिडकीजवळ मांड ठोकून बसले आणि नववं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोनदा उठून बाहेर जाऊन आले. पाच वाजता शेजारच्या खोलीत बैठक सुरू झाली. थोड्या वेळाने ग्रंथपालबाई घाईने आल्या. अध्यक्ष विचारतायत किती झाली.

"एकोणीस," मिस्त्री म्हणाले. "ही राहिलीय. साठ पानं."

बाई खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, दोन ओळी खरडा ना आत्ता. कोण तपासायला बसलंय? मी वीस सांगते."

"एकोणीसच सांगा. वाचलं नाही त्याचं कार्ड तिने कधी लिहिलं नाही."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मिस्त्रींनी पान उलटलं. अर्ध्या तासाने बाई पुन्हा बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. अध्यक्षांनी एकोणीस ऐकून तोंड वाकडं केलं होतं. विसाव्याचं काय, म्हणाले. मग बाईंनी नोंदवही पुढे ठेवली आणि सांगितलं की माणूस पलीकडे बसून विसावी वाचतोय, साठ पानांसाठी खोटं बोलायला तयार नाही. तेव्हा अध्यक्षांनी वही चाळली आणि झेरॉक्सचं मशीन जिन्याखाली बसवायचं ठरलं. मांडणी राहिली. दर तिमाहीला वही दाखवायची अट आहे.

"बरं झालं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बाईंना विचारलं, कुलूप किती वाजता लावता?

सव्वासातला शेवटचं पान झालं. बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. मिस्त्रींनी कार्ड काढलं आणि लिहिलं:

"हा माणूस तीनशे पानांत बरा होतो. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पण कपाटाचं प्रकरण खरं आहे. ज्यांच्या घरी असं कपाट आहे त्यांनी तेवढं तरी वाचावं. आणि ते एकट्याने उघडू नये, मुलांना बोलवावं. त्यांचीही आई होती ती."

कार्ड आत सरकवून त्यांनी पुस्तक मांडणीत उभं केलं. पायऱ्या उतरता उतरताच त्यांनी मुलीला फोन लावला आणि विचारलं, रविवारी येतेस का?