उतरता खांदा

सून आल्यापासून घरात माणूस वाढलं, पण हात वाढले नाहीत, अशी कातरबाईची तक्रार होती. "डोळे तेवढे वाढलेत," ती शेजारणीला सांगायची. "दूध उतू चाललं की बाकीच्या बायका गॅस बंद करतात. आमची ही उभी राहून बघते. म्हणते, साय फाटताना काय सुंदर दिसते! मग शेगडी पुसायला मी आहेच."

कातरबाई घराच्या पुढच्या खोलीत शर्ट शिवायची. हे नाव तिला कातरीमुळे पडलं की जिभेमुळे, ते विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. शाळा जेमतेम चार बुकं; पण गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं माप तिच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं. नजर असावी तर कातरबाईसारखी, असं लोक म्हणायचे. आता तीच माणसं सुनेने काढलेली भिंतीवरची चित्रं बघून म्हणायची, "काय नजर आहे हो पोरीची!"

तेही तिने गिळलं असतं. खरं दुखणं निराळंच होतं. मुलगा मापाला म्हणून कधी उभा राहायचा नाही. "जुन्याच मापाने बेत ना, आई," म्हणत चपला घालायचा. तोच घोडा चित्रासाठी बायकोपुढे स्टुलावर सकाळभर दगड होऊन बसायचा. आणि ती त्याच्याकडे अशी टक लावून बघायची, की इकडे मशीनवर कातरबाईचं बोट सुईखाली जाता जाता राहायचं.

चित्र पुरं झालं तेव्हा कातरबाईने चष्मा पुसून ते नीट पाहिलं.

"हे काय गं? माझ्या मुलाचा उजवा खांदा पाडलास?"

"मी कुठे पाडला, आई? उतरताच आहे ह्यांचा."

"जन्मल्यापासून त्याचे कपडे मी शिवतेय. अंगावरचा तीळ न् तीळ ठाऊक आहे मला!"

"ठाऊक आहे, म्हणूनच दिसत नाही," सून ब्रश धूत म्हणाली. "ओळखीचं माणूस आपण बघतच नाही हो. मनात असतं तेच दिसतं. चित्र काढताना मी तर हा आपला नवरा आहे हेच विसरते. नुसत्या रेघा बघते."

"नवऱ्याला विसरते म्हणे! ऐकलंस का रे?"

मुलगा हसला. "तिला दिसतं गं, आई. तुला नाही दिसत."

सुई बोटात गेली असती तरी बरं, असं कातरबाईला झालं.

दुपारी तिने धुवायला टाकलेला त्याचा शर्ट काढला. उजव्या खांद्याशी चुणी होती. दुसरा काढला, त्यालाही तीच. चुणी काही नवी नव्हती. कधी तिने कापडाला बोल लावला होता, कधी इस्त्रीला आणि लहानपणापासून त्यालाच, "ताठ उभा राहा, मुडद्या!"

संध्याकाळी तिने त्याला दारातच धरला. "हललास तर कातर लावीन." कमरेपासून खांद्यापर्यंत टेप धरली. डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. उजवी बाजू बोटभर कमी भरली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. जाडा झालायस."

जन्मभर ती कापड दुमडूनच कापत आली होती, एका कातरीत दोन्ही खांदे. त्या दिवशी तिने घडी उलगडली, खडूने दोन निराळ्या रेघा मारल्या आणि एकेक खांदा वेगळा कापला. हात मात्र जड झाला होता. पोटच्या पोराला परक्या गिऱ्हाइकासारखं मापावं लागलं, आणि तेही कालच्या पोरीने दाखवलं म्हणून.

नवा शर्ट घालून मुलगा आरशापुढे उभा राहिला. "वा! हा कसा झकास बसला? कापड भारी आहे का गं?"

"भारीच आहे."

सून मात्र बघत होती. खांद्यावर चुणी नव्हती. तिने सासूकडे पाहिलं, गालात हसली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

कातरबाईने टेप गळ्यात टाकली.

"मीट ते तोंड! तुला तो आहे तसा दिसतो, मानलं. मला तो सरळच दिसतो आणि मरेपर्यंत सरळच दिसणार. तू एकदा आई हो, बाई. मग बघते मी, तुझे हे डोळे किती दिवस टिकतात!"