ड्रोनचा गेटपास

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वैजयंतीकाकूने सायकल शिकायला घेतली. आमच्या कॉलनीत, अवधपुरीत पडली असती तर संध्याकाळपर्यंत पलीकडच्या इंद्रपुरीत बातमी गेली असती. म्हणून ती रोज सकाळी गावाबाहेरच्या आमच्या शेतात पडायला जायची. वसंतकाका आणि मी साक्षीदार.

मग शेजारच्या जमिनीवर प्लॉट पडले आणि जाहिरातीच्या शूटिंगसाठी ड्रोन आला. काकू पडली की तो खाली येऊन नीट बघायचा.

"बास. मी नाही शिकत," चौथ्या दिवशी काकू म्हणाली. "वरून कुणीतरी बघतंय."

"वरून देवही बघतो," मी म्हणालो.

"देव व्हिडिओ काढत नाही."

"काका, दगड मारू?"

काका कारखान्यातून रिटायर झालेले, शेवटची बारा वर्षं मेन गेटवर. दगडाचा फॉर्म त्यांच्या माहितीत नव्हता. त्यांनी जुन्या चादरीवर गेटवरच्या हिंदीत लिहिलं, 'बिना गेटपास उड़ना मना है। गेटपास नीचे मिलेगा।' चादर अंथरली आणि बांधावर टेबल टाकून बसले.

ड्रोन आला, थांबला, वाचून परत गेला. तेवढ्यात काकू पुन्हा सायकलवर.

मला वाटलं, पलीकडे लोळून हसत असतील. पण अर्ध्या तासात ड्रोनवाला तुषार स्वतः हजर, दोन पासपोर्ट फोटो घेऊन. त्याचे वडीलही त्याच कारखान्यातले. गेटपासची थट्टा त्यांच्या घरात होत नसे.

"अंकल, टेम्पररी बनवायचा की परमनंट?"

"टेम्पररी. तीन प्रती. आणि जिच्या डोक्यावरून उडणार, तिची सही. तोवर ड्रोन डब्यात."

काकू समोरून गेली, मागे कॅरियर धरून मी. तिला ब्रेक अजून शिकवला नव्हता.

"आंटी, बस एक साइन!" तुषार धावला. एका हाताने माझ्याकडून कॅरियर घेतलं, दुसऱ्याने पेन पुढे केलं. मागून काका कार्बन घेऊन, "सही पूर्ण कर गं, शॉर्ट चालणार नाही!"

दुसऱ्या फेरीत तुषारचा दम संपला. तो हरभऱ्यात बसला. काकू गेलीच. विहिरीला वळसा घालून, आंब्याखालून, सरळ.

"काकू, मागे कुणी धरलं नाहीये!" मी ओरडलो.

"कशाला हवंय कुणी!"

तुषार बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होता. "आंटी, वा! पण साइन?"

"उद्या या!" काकू घंटी वाजवत गेली. "लंच टाइम झाला!"

सकाळचे आठ वाजले होते.